बापाचा फेणे, लेकाचा नारुतो

पत्र थोडक्यात:

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र चालवणारे ४२ वर्षांचे एक वाचक लिहितात. लहानपणी उन्हाळ्यात ते आजोळी जायचे. तिथल्या सार्वजनिक वाचनालयात त्यांना फास्टर फेणे सापडला आणि पुढची काही वर्षं त्यांना दुसरं काही सुचलं नाही. 'मला ही पुस्तकं कुणी दिली नव्हती, मीच हुडकली,' असं ते अभिमानानं सांगतात. वडिलांना गोष्टीची पुस्तकं खपत नसत, म्हणून ती भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचावी लागत. कमावते झाल्यावर त्यांनी फेणे, गोट्या, चांदोबाचे जुने अंक असं मिळेल ते जमवून एका पत्र्याच्या पेटीत ठेवलं, आपल्या लेकरासाठी. लेकरू आता १२ वर्षांचं आहे, सातवीत शिकतंय. पेटीतलं काहीच त्याला आवडत नाही. त्याचा हिरो जपानी कार्टूनमधला नारुतो. वडिलांनी नियम केला, आधी रोज दहा पानं, मग अर्धा तास मोबाईल. मुलगा न वाचताच 'वाचलं' म्हणू लागला. ते उघडं पडलं त्या दिवशी वडिलांनी रागाच्या भरात त्याच्या वहीतलं नारुतोचं चित्र फाडलं. तेव्हापासून पोरगं कामापुरतं बोलतं. गॅदरिंगला त्याला नारुतो व्हायचंय, वडिलांना वाटतं मराठवाडा मुक्तिसंग्रामातला एखादा वीर व्हावं. 'तुमच्या दोघांत तुम्हीच लहान आहात,' असं बायको म्हणते. ते विचारतात, 'माझा हिरो पोरापर्यंत पोचवायला मी काय करू? का आपल्या मातीतलं सगळं आता सोडूनच द्यायचं?'

भाऊ, नमस्कार.

सगळ्यात आधी फाटलेल्या चित्राचं. बाकीच्या प्रश्नांना महिना-दोन महिने लागले तरी बिघडत नाही, हे मात्र शिळं होऊ देऊ नका. आज दुकान बंद करून घरी गेलात की एवढंच म्हणा, 'तुझं चित्र मी फाडलं, ते चुकलं माझं.' आणि तिथंच थांबा. त्याला 'पण' जोडू नका. 'पण तू खोटं बोललास' हे खरं असलं तरी त्याची वेळ वेगळी. आपल्याकडं बापानं लेकराची माफी मागायची रीत नाही, म्हणून जीभ अडखळेल. अडखळू द्या. भरपाई म्हणून नवी वही आणि महागडे स्केचपेन आणून ठेवावेसे वाटतील, तेही टाळा. बारा वर्षांच्या पोराला माफी कुठली आणि भरपाई कुठली ते बरोबर कळतं. तो काही लगेच गळ्यात पडणार नाही. 'हं' म्हणेल आणि ताटात बघत जेवेल. त्यावर 'आता तरी बोल की' असा आग्रह धरू नका.

खोटं बोलला त्याचा तुम्हाला जास्त राग आलाय, हे पत्रावरून दिसतंच. पण भूगोलाच्या पुस्तकात फेणे लपवणारं पोरगं आपल्या बापाला काय सांगत होतं? 'अभ्यास करायलोय' हेच ना? तुम्ही वाचत होतात ते लपवलंत, तो वाचत नाही ते लपवतोय. दोघांनाही बापाचा धाक, दोघांनाही आपली आवड सांभाळायची. मला तर यात तुमचंच रक्त दिसतं.

आता मूळ प्रश्नाकडं. 'मीच हुडकली' ही ओळ तुम्ही बहुधा ओघात लिहून गेलात, पण माझं निम्मं उत्तर तिच्यातच आहे. तो काळ आठवून बघा. जेवणं उरकून मोठी माणसं आडवी झालेली, बाहेर मे महिन्याचं ऊन, आणि वाचनालय म्हणजे एक खोली, दोन-तीन लाकडी कपाटं, मधोमध पेपरचं टेबल. त्या कपाटातनं तुम्ही फेणे काढलात. 'वाच' असं कुणी म्हणालं नव्हतं. उलट घरी कळलं असतं तर धपाटे होते. काडीसारखा बारीक, सायकलवरनं उधळणारा, पेचात सापडला की 'ट्टॉक' करणारा तो बनेश फेणे तुमचा झाला. पुस्तक चांगलं होतं म्हणून झालाच, पण तुमच्या वडिलांचा नव्हता म्हणूनही झाला. आपल्या पिढीत त्या वयाच्या लेकराचं एकट्याचं असं होतंच काय घरात? कपडे थोरल्याचे उतरलेले, पुस्तकं शेजारच्याची अर्ध्या किमतीत घेतलेली, झोपायला सतरंजी सगळ्यांत मिळून. फेणे तेवढा स्वतःचा.

हिरो लेकराला आपला आपण सापडावा लागतो. बापानं 'घे, हा तुझा' म्हणून हातात ठेवला की त्याचा अभ्यास होतो. तुम्ही तर त्याला मोबाईलचा हिशेबही लावलात. दहा पानं भरा आणि पुढं व्हा. फेण्याचा टोलनाका झाला, भाऊ. टोलच्या रांगेत उभं राहून कुणाला कधी टोलनाका आवडलाय?

इथून पुढं मी जरा हुज्जत घालणार आहे. नारुतो तुम्हाला परका वाटतो, 'आपल्या मातीतला नाही' असं तुम्ही लिहिता. फास्टर फेणे तरी परभणीच्या मातीतला कधी होता? तो पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा. त्याची बोली पुण्याची, गल्ल्या पुण्याच्या. तुम्ही तेव्हा पुणं बघितलं तरी होतं का? रात्रभराचा प्रवास, तोही लग्नाकार्याचं निमित्त असेल तर. तुमच्या तोंडातलं 'करायलो', 'जायलो' त्या पुस्तकांत कुठं नव्हतं, काळं रान नव्हतं, पाण्याच्या टँकरमागची धावपळ नव्हती. तरी तो तुम्हाला जवळचा वाटला. एक बारीकसा धागा असेल कदाचित. बनेश मूळचा फुरसुंगीचा, तेव्हाच्या खेड्यातला, शिकायला शहरात आलेला. गावाकडच्या पोराला तेवढी ओळख पुरतही असेल. पण तो भर सदाशिव पेठेत जन्मला असता तरी तुम्ही वाचायचं सोडलं नसतं, हे तुम्हालाही माहीत आहे.

फेण्याला जन्म देणारे भा. रा. भागवत. याच भागवतांनी ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. चंद्रावर निघालेले, समुद्राच्या पोटात शिरलेले परदेशी साहसवीर मराठी लेकरांच्या हाती देताना आपली पोरं बिघडतील अशी धास्ती त्यांना वाटली नाही. तुमच्या पेटीतला चांदोबा तरी कुठला? मद्रासचा. १९४७ साली तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झाला, १९५२ पासून मराठीत आला. त्यातली देवळं, दागिने, राजांचे पोशाख सगळं दक्षिणेकडच्या चित्रकारांच्या हातचं. प्रेत खांद्यावर टाकून विक्रम राजा स्मशानातून चालू लागला की त्याचा मुकुट कुठल्या मुलखातला ते कोण बघत बसलं होतं? पुढं १९९७ साली दूरदर्शनवर शक्तिमान सुरू झाला, तेव्हा तुम्ही चौदाच्या आसपास असाल. ऐन वेळेला लाइट गेली की गल्लीभर बोंबाबोंब, आणि एरवी एक हात वर करून घेरी येईपर्यंत गरगर फिरणारी पोरं. 'काय खूळ शिरलंय डोक्यात' हे तेव्हाच्या बापांचंही वाक्य होतं.

नारुतो मी थोडाफार बघितलाय, माझ्या भाच्याच्या कृपेनं. मासाशी किशिमोतो या चित्रकार-लेखकाची ही चित्रकथा जपानमध्ये १९९९ ते २०१४ अशी पंधरा वर्षं एका साप्ताहिकात चालली. तिची कार्टून मालिका झाली, ती हिंदीत डब होऊन आपल्याकडं पोचली. तुम्ही चित्र फाडलंत पण गोष्ट ऐकलेली दिसत नाही, म्हणून सांगते. एका गावावर नऊ शेपट्यांचा अक्राळविक्राळ कोल्हा चालून येतो. गाव वाचवण्यासाठी त्या कोल्ह्याला एका तान्ह्या बाळाच्या अंगात कोंडतात. बाळाचे आईबाप त्याच रात्री मरतात. पोरगं वाढतं, पण गाव त्याला जवळ करत नाही. लोक आपल्या मुलांना त्याच्याशी खेळू देत नाहीत. ज्या गोष्टीची शिक्षा तो भोगतोय ती घडली तेव्हा तो दुधपितं लेकरू होता. परीक्षेत तो पुन्हा पुन्हा नापास होतो. गावभर खोड्या काढतो, कारण खोडी काढली की निदान लोक आपल्याकडं बघतात. इरुका नावाचे एक शिक्षक पहिल्यांदा त्याला आपलं मानतात. आणि हे पोरगं म्हणतं, ज्या गावानं मला झिडकारलं त्याच गावाचा मी एक दिवस प्रमुख होऊन दाखवीन.

तुम्ही गोदाकाठच्या जिल्ह्यातले. ही गोष्ट तुम्ही आधी कधी ऐकली नाही का? पैठणजवळच्या आपेगावची चार भावंडं. बापानं संन्यास सोडून पुन्हा संसार मांडला, त्याचं प्रायश्चित्त पोरांच्या वाट्याला. 'संन्याशाची पोरं' म्हणून वाळीत पडलेली, शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढं जाऊन उभी राहिलेली. लोकांच्या बोलण्यानं दुखावून ताटी लावून बसलेल्या भावाची धाकट्या मुक्ताईनं काढलेली समजूत कीर्तनात आली, की आजही बायाबापड्यांचा पदर डोळ्याला जातो. माउलींची आणि कार्टूनची मी बरोबरी करत नाही, कृपा करून कुणी तसं पत्र पाठवू नका. एवढंच म्हणते की गावानं निरपराध लेकराला लोटून द्यावं आणि लेकरानं तरीही गावाचं वाईट चिंतू नये, ही गोष्ट आपल्या मातीला सातशे वर्षांपासून ओळखीची आहे. तुमचं पोरगं त्याच गोष्टीपाशी आलंय, फक्त जपानच्या वाटेनं.

त्याला यातलं नेमकं काय भिडलं असेल, हे त्याला लगेच विचारू नका. त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही. वर्गात कुणी चिडवत असेल, मार्कांवरून घरात टोमणे होत असतील, किंवा त्याला नुसती मारामारीच आवडत असेल. तेही अगदी शक्य आहे. लेकराच्या प्रत्येक आवडीखाली दुःख उकरत बसू नये. कळून घ्यायचा सोपा रस्ता म्हणजे त्याच्याजवळ बसून पहिले चार-पाच भाग बघणं. पहिल्या मालिकेचे २२० भाग आहेत आणि पुढच्या मालिकेचे ५००, एवढी शिक्षा मी तुम्हाला देत नाही. बघताना शेरेबाजी बंद. 'यापेक्षा आमचा फेणे' हे तर तोंडातून काढूच नका. 'हा कोण? हा का चिडला त्याच्यावर?' असं विचारा आणि त्याला सांगू द्या. तो जाणकार आणि तुम्ही अडाणी, असा प्रसंग तुमच्या घरात याआधी कधी आला होता का? मुलं त्या वेळी किती बोलतात ते बघा.

यात बापाचं काम उरतंच. कार्टून दिसलं म्हणजे ते लहान मुलांचंच, हा समज आधी काढून टाका. जपानमध्ये मोठ्या माणसांसाठीही अशा मालिका निघतात, रक्तपाताच्या, नको ते दाखवणाऱ्या, आणि ॲपवर त्या मुलांच्या मालिकांच्या शेजारीच असतात. नारुतोतही हाणामारी आहे, मरणं आहेत, चावट विनोद आहेत. ॲपवर प्रत्येक मालिकेपुढं वयाचा आकडा दिलेला असतो, मुलांसाठी वेगळं प्रोफाइल करता येतं. एक संध्याकाळ बसून ते करून घ्या. मोबाईलची वेळ ठरवायचीच, फक्त ती पुस्तकाला बांधू नका. दिवसाला एवढा वेळ, जेवताना नाही, झोपताना नाही. आणि हा नियम घरात सगळ्यांना, रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर सोयाबीनचे भाव बघणाऱ्यांनासुद्धा.

गॅदरिंगचं म्हणाल तर मुक्तिसंग्रामाबद्दल तुमच्या मनात जे आहे ते माझ्याही आहे. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला तरी मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अंमलात होता, हे आपल्याच राज्यातल्या दुसऱ्या भागांतल्या माणसांना अजून समजावून सांगावं लागतं. पण तुमच्या लेकराला हा लढा भेटतो कसा? झेंडा, उन्हात रांग, पाहुण्यांचं भाषण, भाषणात नावांची जंत्री, शेवटी चॉकलेट. जंत्रीतून कुणी हिरो उचलत नाही, त्याला गोष्ट लागते. आणि आपल्याकडं गोष्टी बक्कळ आहेत. नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक १९४८ च्या सुरुवातीला चळवळीच्या कार्यकर्त्यांनी लुटली, लढ्याला पैसा पाहिजे म्हणून. हे ऐकून कुठल्या बारा वर्षांच्या पोराचे कान टवकारणार नाहीत? हिप्परगा आणि अंबाजोगाईच्या शाळांतून शिकवणारा एक संन्यासी निजामाविरुद्धच्या लढ्याचा पुढारी कसा झाला, ही स्वामी रामानंद तीर्थांची गोष्ट कुठल्याही कादंबरीत शोभेल. जालना जिल्ह्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके हत्यार घेऊन निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांविरुद्ध उतरल्या होत्या. शिवाय तुमच्या गावातही नव्वदीच्या आसपासच्या एखाद्या म्हातारीला त्या दिवसांचं आठवत असेल. दाणे कुठल्या बळदात दडवले, कोण कुणाच्या गंजीत लपलं, कोण रातोरात हद्द ओलांडून पलीकडं गेलं. पोराला तिच्याकडं न्या, पण 'चल, तुला आपला इतिहास कळू दे' असं बजावून नेऊ नका. तुमचं काही काम काढून जा, तो सोबत येईल. म्हातारी बोलायला लागली की तुम्ही गप्प बसा.

या वर्षी मात्र त्याला नारुतो होऊ द्या. जबरीनं महापुरुष केलेलं लेकरू स्टेजवर कसं दिसतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. चिकटवलेली मिशी लोंबतेय, दोन ओळींचं भाषण अर्ध्यात अडकलंय आणि डोळे आईला शोधतायत. त्यात त्या महापुरुषाचा तरी काय मान राहतो? नारुतोला केशरी जाकीट लागतं, कपाळाला निळी पट्टी आणि दोन्ही गालांवर तीन-तीन रेघा. रेघांना वहिनींची काजळपेन्सिल पुरेल. वेशभूषा महापुरुषांचीच पाहिजे असा शाळेचा नियम असेल, तर तो शाळेला सांगू द्या. दर खेपेला नकार बापाच्याच तोंडून यायला पाहिजे असं काही नाही.

मग फेण्याला निरोप द्यायचा का? अजिबात नाही. पण दहा पानांचा नियम आजच मागं घ्या आणि महिनाभर फेण्याचं नाव काढू नका. त्यानंतर वाटलं तर गोष्ट सांगा, वाचायला लावू नका. ही पुस्तकं १९७४ च्या आसपास यायला लागली. पन्नास वर्षांपूर्वीची बोलण्याची ढब आजच्या सातवीतल्या मुलाला ओळीओळीला ठेचा लावते, त्यात त्याचा दोष नाही आणि पुस्तकाचाही नाही. मोटारसायकलवर शेताकडं जाताना तुमच्या बोलीत सांगा. तुमचा फेणे आपल्या मित्राला 'काय करायलास रं सुभाष?' असं म्हणाला तरी भागवतांची हरकत नसावी. आणि चोर अगदी हाताशी आला की 'चला, शेत आलं' म्हणून गाडी थांबवा. पुढचं त्यानं विचारलं तर परतीच्या वाटेवर सांगा, नाही विचारलं तर नका सांगू.

माझा अंदाज मात्र वेगळा आहे. फेण्याच्या गोष्टीपेक्षा त्याला भूगोलाच्या पुस्तकाची गोष्ट आवडेल. आपला बाप चोरून वाचायचा, त्यालाही बापाची भीती वाटायची, हे त्याला कधी सांगितलंत का? तुम्हाला वाटतं त्यानं फेण्याला नाकारलं म्हणजे तुम्हालाच नाकारलं. म्हणून तर एका चित्रावर इतका राग निघाला. बारा वर्षांचे असताना तुम्ही कसे होतात ते त्याला कळावं, ही तुमची खरी ओढ आहे, आणि ती रास्त आहे. ते सरळ सांगून होतं. त्यासाठी आधी वीस पुस्तकं वाचायची अट कशाला?

त्यानं वाचावं, काहीही वाचावं, एवढंच म्हणणं असेल तर नारुतोची मूळ चित्रकथाही पुस्तकांतच आहे. इंग्रजीत मिळते आणि जपानी रीतीप्रमाणं उजवीकडून डावीकडं वाचायची असते. पहिल्यांदा तुमचा गोंधळ उडेल, तेव्हा त्यालाच विचारा. मराठीतलं पाहिजे तर बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत ठेवलेत. तोच मोबाईल, त्यातच चाळू द्या. कुठला अंक उघडायचा ते तुम्ही सुचवू नका.

अशाच अडचणीची पत्रं आणखीही येतात, म्हणून इतरांसाठी थोडं. एका आईनं मागं विचारलं होतं की माझ्या मुलीचे सगळे हिरो मुलगेच कसे? बाई, आपल्या जुन्या बालसाहित्याच्या कपाटात धाडस बहुतेक मुलग्यांच्याच वाट्याला आलंय. ना. धों. ताम्हनकरांनी गोट्यासोबत चिंगीही लिहिली, पण अशा पोरी मोजक्याच. मुलीला सायकलवरनं चोराचा पाठलाग करायचा असेल तर तिला फेणे होऊ द्या. तेवढ्यात जिजाऊंचं चरित्र तिच्या हातात देऊन तिला वळवायला जाऊ नका, जिजाऊ तिला पुढं भेटणारच आहेत. ज्यांच्या मुलांचा हिरो खराखुरा माणूस आहे, खेळाडू, नट किंवा मोबाईलवरचा कुणी व्हिडिओवाला, त्यांनी मात्र जास्त जागं राहावं. नारुतोनं अजून कुठल्या ऑनलाइन जुगाराची जाहिरात केलेली माझ्या बघण्यात नाही. हाडामांसाच्या हिरोंची मी तशी हमी देणार नाही. आणि पोराचा हिरो दर चार महिन्यांनी बदलतो म्हणून काळजी करणाऱ्या आजोबांना सांगते, बदलू द्या. त्या वयात चप्पलसुद्धा चार महिन्यांत आखूड होते.

आता तुमची पेटी. पुन्हा कुठं मिळणार नाहीत अशी चार-दोन पुस्तकं घरी ठेवा आणि बाकीची दुकानात न्या. जून महिन्यात बियाणं-खतासाठी आलेल्या बापांसोबत पोरं येतात आणि बाकड्यावर तासन्‌तास ताटकळतात. त्या बाकड्याजवळ, लेकरांचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, औषधांच्या बाटल्यांपासून लांब, एक फळी ठोका आणि पुस्तकं मांडून ठेवा. 'वाचाल तर वाचाल' असली पाटी नको. आपल्या मुलाला गाठायचा हा आडून डाव आहे असंही समजू नका. तो त्या फळीकडं ढुंकूनही बघणार नाही, असं धरूनच चाला. दुसऱ्या कुणाच्या पोरानं पुस्तक उचललं तर तुम्ही हिशेबात मान घालून बसा. 'काका, घरी नेऊ का?' म्हणालं तर 'ने' म्हणा. नाव लिहायचं नाही, तारीख घालायची नाही. आणि पुस्तक परत आलं नाही, तर त्याच्या बापाच्या उधारीत ते मांडू नका.